रागावण्याचे काम एकट्या सिस्टरचे नव्हे!

ड्यूटी सकाळी सातची, पण साडेआठ वाजले तरी वॉर्डातल्या मामांचा पत्ता नाही. येतात तेही तोंडात तंबाखूचा बार भरून. अशा वेळी सिस्टर-इनचार्जने काय करावे? भिलाईच्या नेहरूनगरातून सेक्टर ९ च्या रुग्णालयात जाणारी नर्स असो की मुंबईची, हा प्रश्न कोणालाच नवा नाही. बहुतेक जणी तिथल्या तिथे झापून मोकळ्या होतात. पण चारचौघांत अपमान झालेला माणूस सुधारत नाही, डूख धरतो.

हा डूख कुठवर जातो? २७ नोव्हेंबर १९७३ च्या संध्याकाळी मुंबईच्या केईएम रुग्णालयातील परिचारिका अरुणा शानबाग तळघरात कपडे बदलत होत्या. तिथल्याच एका सफाई कामगाराने त्यांच्यावर अत्याचार केला, कुत्र्याच्या साखळीने गळा आवळला. कामावरून त्या त्याला बोलत, याचा तो राग होता, असे सांगितले जाते. मेंदूला इजा झालेल्या अरुणा १८ मे २०१५ रोजी मृत्यू येईपर्यंत त्याच रुग्णालयात पडून होत्या. सहकारी परिचारिकांनी त्यांना जिवापाड सांभाळले. गुन्हेगाराला शिक्षा झाली अवघी सात वर्षांची, तीही जबरी चोरी आणि खुनाच्या प्रयत्नाबद्दल!

अरुणा चुकल्या का? मुळीच नाही. कामचुकाराला हटकलेच पाहिजे. पण त्याचा सारा भार एकटीच्या खांद्यावर का?

जाणत्या मेट्रन आधी कारण विचारतात. घरी आजारपण आहे, दारू आहे, की सलग रात्रपाळ्या लागल्यात? बोलणे होते ते बंद खोलीत, पण दुसऱ्या ज्येष्ठ सिस्टरसमोर. नोंदवहीत ‘उद्धट आहे’ असे न लिहिता ‘स्ट्रेचर आणायला सांगितले, वीस मिनिटे आला नाही’ असे तारीख-वेळेसह लिहितात. पुढे मेमो, मग कारणे दाखवा नोटीस. (डॉक्टरसाहेबच उद्धट वागले तर मेमो कोणी द्यायचा, हे मात्र कोणी सांगत नाही!)

धमकी मिळाली तर मात्र पायऱ्या मोजत बसू नये. त्याच दिवशी वरिष्ठांना लेखी कळवावे, दोघांच्या पाळ्या वेगळ्या करून घ्याव्यात. लैंगिक त्रास असेल तर २०१३ च्या कायद्यानुसार दहा किंवा अधिक कर्मचारी असलेल्या प्रत्येक ठिकाणी अंतर्गत समिती असलीच पाहिजे.

अरुणांवरील हल्ल्यानंतर मुंबईच्या परिचारिका संपावर गेल्या होत्या. अरुणांची नीट देखभाल व्हावी आणि आपल्याला सुरक्षितपणे काम करता यावे, एवढेच त्या मागत होत्या.