निसटतं तेच, धरतंही तेच

गिअरचे पोलादी दाते एकमेकांवरून अलगद निसटायला हवेत. हातभर अंतरावर क्लचच्या प्लेटांनी मात्र एकमेकींना घट्ट धरायला हवं. आणि ही दोन्ही कामं एकाच तेलाने करायची! जमतं कसं?

२००३ साली फोक्सवॅगनच्या गोल्फ आर३२मध्ये सहा गिअरचा डीएसजी गिअरबॉक्स आला. त्यात क्लच दोन: एकाकडे १, ३, ५ हे गिअर, दुसऱ्याकडे २, ४, ६. गाडी तिसऱ्यात पळत असते तेव्हा चौथा आधीच लागून बसलेला असतो. एक क्लच सुटतो, दुसरा आवळतो, झालं. इंजिन ३.२ लिटरचं, टॉर्क ३२० न्यूटन-मीटर, आणि तो पेलणाऱ्या प्लेटा तेलात चिंब!

प्लेटा जवळ येतात तेव्हा मधे तेलाचा पातळ थर असतो. सुरुवातीला हा थरच ताकद पलीकडे पोचवतो. प्लेटा अजून धड टेकलेल्याही नसतात आणि गाडी हलते! थर दबत जातो तशी सूत्रं रेणूंच्या हाती जातात. तेलात मिसळलेल्या खास रेणूंचं एक टोक पोलादाला चिकटतं, लांब शेपूट बाहेर राहतं. प्लेटांची घसरण थांबत आली की घर्षण एकदम उसळू नये, हे ते सांभाळतात. ते नसतील तर? खडू फळ्यावर किंचाळतो ना, अडकत-सुटत, तशीच गाडी थरथरते.

अमेरिकेतल्या ऑटोमॅटिक गाड्यांत १९७०च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत हे काम कोण करत होतं, माहीत आहे? स्पर्म व्हेलचं तेल! बंदी आली आणि रसायनतज्ज्ञांना पर्याय घडवावे लागले.

तापल्यावर तेल फार पातळ होऊ नये म्हणून त्यात लांबलचक साखळ्यांचे रेणू घालतात. गिअरच्या दात्यांत सापडून ते अक्षरशः तुटतात, आणि तुटलेले पुन्हा जुळत नाहीत. शिवाय तापमान साधारण १० अंशांनी वाढलं की तेल सडण्याचा वेग दुप्पट. म्हणून या गिअरबॉक्सला ६०,००० किलोमीटरवर नवं तेल आणि नवा फिल्टर. ट्रॅकवर गाडी पिटाळणाऱ्याने तर तेवढीही वाट पाहू नये. ‘आयुष्यभराचं तेल’ या शब्दांवर माझा मुळीच विश्वास नाही.

पातळी बघण्याची रीत तर फारच देखणी. गाडी लिफ्टवर, इंजिन चालू, स्कॅनरवर तेलाचं तापमान ३५ ते ४५ अंशांच्या मधे. तेल तापलं की फुगतं, म्हणून हा हट्ट. खालचा प्लग काढला की आतल्या उभ्या नळीतून जास्तीचं तेल वाहतं. धार तुटून थेंब पडू लागले की पातळी बरोबर, प्लग लावायचा.

तेल कमी राहिलं तर पंप हवा ओढतो. हवा दबते, तेल जवळजवळ दबतच नाही. आणि प्लेटा आवळणारा दाब याच तेलातून येतो.