स्वादुपिंडाचा कोप : एका दुर्बिणीच्या तपासणीविषयीं दोन शब्द

‘रोगापेक्षां इलाज भयंकर’ ही म्हण आपण थट्टेनें वापरतों. सात वर्षांपूर्वीं माझ्या धाकट्या भगिनीच्या बाबतींत ती अक्षरशः खरी ठरली. यंदा चैत्रांत आमच्या सौ. सूनबाईवर तीच तपासणी करून घेण्याचा प्रसंग आला, तेव्हां घरांतील सर्वांच्या छातींत धडकी भरली. मी वैद्य नव्हे, सेवानिवृत्त शाळामास्तर आहें. परंतु या दोन प्रसंगांच्या दरम्यान जाणत्यांना विचारून व वाचून जें थोडें समजलें, तें वाचकांच्या उपयोगी पडेल म्हणून येथें देतों.

प्रथम शरीरांतील रचना पाहूं. यकृतांत तयार होणारें पित्त एका नलिकेनें खालीं येतें. पित्ताशय ही त्या वाटेवरील सांठवणीची पिशवी होय. जठरामागें आडवें पसरलेलें स्वादुपिंड अन्नपचनाचा तीव्र रस करतें व तो रस दुसऱ्या नलिकेनें येतो. बहुतेकांच्या शरीरांत या दोन्ही नलिका लहान आंतड्याच्या आरंभीं एका बारीक उंचवट्यापाशीं एकाच द्वारानें उघडतात. पित्ताचा खडा नलिकेंत अडकला म्हणजे कावीळ होते, थंडी भरून ताप येतो. पूर्वीं अशा वेळीं पोट उघडावें लागे. १९६८ सालीं अमेरिकेंत डॉ. मक्यून व त्यांचे सहकारी यांनीं तोंडावाटे दुर्बीण घालून या द्वारांत नळी सारली व क्ष-किरणांनीं आंतील चित्र घेतलें. पुढें १९७४ सालीं जर्मनींत क्लासेन व डेमलिंग यांनीं आणि जपानांत कावाई यांनीं द्वाराच्या स्नायूस छेद देऊन त्याच वाटेनें खडे काढण्याची क्रिया प्रसिद्ध केली. डॉक्टर जिला ‘ई.आर.सी.पी.’ म्हणतात, ती हीच.

पण वाट पित्ताची धरली तरी द्वार दोघांचें आहे. सळई स्वादुपिंडाच्या नलिकेंत शिरली, रंगद्रव्य तिकडे गेलें किंवा वारंवार टोंचण्यानें द्वार सुजलें, म्हणजे स्वादुपिंडाचा रस आंतच कोंडतो. जो रस अन्न पचवावयाचा, तो स्वतःच्या आश्रयालाच पचवूं लागतो. हाच स्वादुपिंडाचा दाह. ही क्रिया केलेल्यांपैकीं साधारण शेंकडा तीन ते दहा जणांस तो होतो. पुष्कळांचा कांहीं दिवसांत शमतो. थोड्यांच्या मात्र जिवावर बेततो.

माझ्या भगिनीचें पित्ताशय पूर्वींच काढलेलें होतें. जेवणानंतर उजव्या कुशींत दुखे, एवढीच तक्रार. कावीळ नाहीं, रक्ताची तपासणी निर्दोष, नलिका रुंदावलेली नाहीं. तरी ‘दुर्बिणीनें एकदां पाहून घेऊं, जमल्यास छेद देऊं’ असें ठरलें आणि आम्हीं मान डोलावली. संध्याकाळीं ती घरीं आली. रात्रीं पोटांत कळ उठून पाठीकडे जाऊं लागली, ओकाऱ्या सुरू झाल्या. वायु धरला असेल म्हणून आम्हीं ओवा दिला, पोट शेकलें आणि उजाडण्याची वाट पाहिली. ती रात्र आम्हीं फुकट घालविली, याची खंत मला अद्याप आहे. पुढें एकोणीस दिवस ती रुग्णालयांत होती. वांचली, हें भाग्य.

पुढें मला कळलें कीं, अशाच रोग्यांसंबंधीं अमेरिकेंत एक परीक्षण झालेलें असून तें २०१४ सालीं प्रसिद्ध झालें आहे. पित्ताशय काढल्यावरही पोट दुखणारे, पण तपासण्यांत विशेष दोष न आढळलेले २१४ रोगी त्यांत होते. कांहींना छेद दिला, कांहींना छेदाचा केवळ देखावा केला. देखावा केलेल्यांपैकीं शेंकडा ३७ जणांस व छेद दिलेल्यांपैकीं शेंकडा २३ जणांस आराम वाटला! शिवाय तरुण वय, स्त्रीदेह, पूर्वीं झालेला स्वादुपिंडाचा दाह आणि कावीळ नसणें, हीं सारीं या दाहाचा धोका वाढविणारीं कारणें. म्हणजे ज्यास या क्रियेची गरज थोडी, त्यासच बहुधा तिचें भय अधिक. म्हणून पहिला प्रतिबंध म्हणजे विनाकारण ती न करणें. केवळ पाहावयाचेंच असेल, तर चुंबकीय यंत्रानें नलिकांचें चित्र काढतां येतें व तेथें द्वारास धक्काही लागत नाहीं.

सूनबाईची गोष्ट निराळी होती. तिला कावीळ व ताप होता आणि खडा नलिकेंत स्पष्ट दिसत होता. येथें न करणें हाच धोका. आदल्या रात्रीं ती हळूच म्हणाली, “मामंजी, आत्यांसारखें माझें होणार नाहीं ना?” मीं म्हटलें, “मुली, या वेळीं आपण विचारून पुढें जाऊं.”

डॉक्टर माझ्या विद्यार्थ्यांच्या वयाचे; पण त्यांनीं शांतपणें सर्व समजावून दिलें. क्रियेच्या आधीं गुदद्वारांत ठेवावयाची इंडोमेथासिन किंवा डायक्लोफिनॅक या औषधाची १०० मिलिग्रॅमची मात्रा द्यावयाची असते. आमच्या वृद्ध मातोश्री संकोचून म्हणाल्या, “असलीं औषधें कशाला चारचौघांत बोलायचीं?” मीं त्यांना सांगितलें कीं, बस्ति आणि वर्ति हे उपचार आपल्या प्राचीन वैद्यकांतलेच आहेत, त्यांत लाजण्यासारखें कांहीं नाहीं. या अल्पमोल वर्तीचा गुण मोठा आहे. २०१२ सालीं प्रसिद्ध झालेल्या अमेरिकन परीक्षणांत विशेष धोका असलेले ६०२ रोगी होते. नुसती निरौषध वर्ति दिलेल्यांपैकीं शेंकडा १६.९ जणांस दाह झाला, इंडोमेथासिन दिलेल्यांपैकीं शेंकडा ९.२ जणांस. चीनमधील २०१६ च्या परीक्षणांत सर्वांना आधींच वर्ति दिली असतां हें प्रमाण शेंकडा ४ राहिलें. केवळ अधिक धोक्याच्या रोग्यांना मागाहून दिली असतां ८. ज्यांना या औषधांचें वावडें आहे, ज्यांचे मूत्रपिंड दुर्बल आहेत, ज्यांना जठरव्रण आहे किंवा ज्या गर्भवती आहेत, त्यांनीं मात्र तसें आधीं सांगितलें पाहिजे.

धोका फार असेल तर स्वादुपिंडाच्या नलिकेंत कांहीं दिवस बारीक नळी ठेवतात, म्हणजे रस कोंडत नाहीं. २०२४ सालीं प्रसिद्ध झालेल्या परीक्षणांत अशा रोग्यांपैकीं केवळ वर्ति दिलेल्या शेंकडा १४.९ जणांस, तर जोडीला नळी ठेवलेल्या ११.३ जणांस दाह झाला. मऊ तारेच्या मार्गदर्शनानें नलिकेंत शिरल्यानेंही धोका घटतो. सलाईन भरपूर द्यावें असाही एक मार्ग आहे. परंतु वर्ति दिलेली असतां त्यानें आणखी लाभ होत नाहीं, असें नेदरलंडांतील २०२१ च्या परीक्षणांत दिसलें.

सूनबाईचा खडा निघाला, दाह झाला नाहीं. एका उदाहरणानें सिद्धांत ठरत नाहीं, हें मी आयुष्यभर मुलांना शिकवीत आलों. वर्ति देऊनही कांहींना दाह होतोच. म्हणून त्या रात्रीं आम्हीं पाळीपाळीनें जागलों.

वाचकांस माझी विनंति इतकीच. घरांत असा प्रसंग आला तर कर्त्या माणसानें संमतिपत्रावर सही करण्यापूर्वीं विनयानें विचारावें : ही क्रिया खरोखर आवश्यक आहे काय? दुसऱ्या तपासणीनें भागेल काय? वर्ति देणार ना? नळीची गरज पडेल काय? आणि क्रियेनंतर पोटाच्या वरच्या भागीं कळ येऊन ती पाठीकडे जाऊं लागली किंवा ओकाऱ्या होऊं लागल्या, तर ओवा देत बसूं नये. रात्र असली तरी तत्काळ रुग्णालय गांठावें. माझ्या भगिनीनें हा लेख वाचून शेवटचें वाक्य ठळक छापावयास सांगा, असें बजावलें आहे.