बोकडाला सोबत कुणाची?

शेळीचा संसार : भाग ६

गेल्या आठवड्यात पैदाशीचा बोकड कसा निवडावा ते पाहिलं. उंची, पाय, वृषण, आईचं दूध, घराण्यातली जुळी, सगळं तपासून नर घरी आणला, की प्रश्न येतो त्याला ठेवायचं कुठे. आपल्याकडे याची दोन उत्तरं चालतात आणि माझ्या मते दोन्ही चूक आहेत. एक तर तो बारा महिने शेळ्यांत मोकळा असतो, नाहीतर वास सोसवत नाही म्हणून गोठ्यापासून लांब, उकिरड्याच्या कडेला खुंट्याला एकटा.

आधी शेळ्यांत मोकळा सोडलेल्या बोकडाबद्दल. शेळी साधारण २१ दिवसांनी माजावर येते आणि माज एक-दीड दिवस टिकतो. बोकड कायम कळपात असेल तर कोणती शेळी कधी भरली याचा पत्ता लागत नाही, मग विण्याची तारीख तरी कुठून कळणार? गाभणकाळ सुमारे १५० दिवसांचा. म्हणजे फेब्रुवारीच्या मध्यात भरलेली शेळी जुलैच्या मध्यात, ऐन पावसात विते. ओला गोठा, गार वारा आणि नुकतं जन्मलेलं करडू, यातून काय होतं ते शेळी पाळणाऱ्या घराला सांगायला नको. आपल्या हवामानात उस्मानाबादी, संगमनेरी शेळ्या वर्षभर माजावर येतात, त्यामुळे हा हिशेब निसर्गावर सोडता येत नाही. बोकड वेगळा ठेवणं हाच त्यावरचा लगाम.

दुसरी अडचण नात्याची. सहा-आठ महिन्यांची पाठ माजावर आली, की बापाला ती लेक आहे हे कळत नाही. कोवळ्या वयात गाभण राहिलेली पाठ खुरटते ती खुरटतेच. नर करडंही तीन-चार महिन्यांत उडू लागतात, म्हणून त्यांनाही तिसऱ्या महिन्यात आयांपासून वेगळं काढावं लागतं. हे वेगळं काढलेलं करडू लक्षात ठेवा. पुढे त्याच्याशीच काम आहे.

आता वास. माजलेला बोकड स्वतःच्या दाढीवर आणि पुढच्या पायांवर मुततो, हे सगळ्यांनी पाहिलेलं असतं. पण मूळ वास तिथला नव्हे, तो डोक्यावरच्या आणि मानेच्या कातडीतून येतो. २०१४ मध्ये जपानी शास्त्रज्ञांनी बोकडाच्या डोक्यावरच्या केसांत ४-एथिलऑक्टॅनल नावाचं द्रव्य शोधलं. शेळीच्या मेंदूतलं प्रजननाचं चक्र ते जागं करतं. खच्ची केलेल्या नरात ते तयार होत नाही. व्यवहारात याचा उपयोग असा, की काही आठवडे दूर ठेवलेला बोकड एकदम शेळ्यांजवळ आणला, तर बऱ्याचशा शेळ्या आठ-दहा दिवसांच्या आगेमागे माजावर येतात. करडं एका वयाची मिळतात, लसीकरण एकदम होतं, बाजारालाही एकसारखा माल जातो. जो बोकड रोज नाकासमोर आहे, त्याच्या वासाचा हा फायदा फारसा उरत नाही. शिवाय त्याच्या वाऱ्याला शेळी पिळली तर दुधाला वास लागतो, ते वेगळंच.

एवढं पटलं, की लोक दुसऱ्या टोकाला जातात आणि बोकडाला एकांतवास देतात. शेळी कळपाचं जनावर आहे. तिला भीतीत आधार कळपाचा, झोपेत ऊब कळपाची, चरताना पहारा कळपाचा. लंडनच्या क्वीन मेरी विद्यापीठातल्या एलोडी ब्रिफर आणि अॅलन मॅकएलिगॉट यांनी २०१२ मध्ये दाखवलं, की एकत्र वाढणाऱ्या करडांचे आवाजसुद्धा वाढत्या वयात एकमेकांसारखे होत जातात. अशा जनावराला एकटं बांधलं की ते दिवसभर ओरडतं, खुंट्याभोवती फेऱ्या मारतं, वैरणीकडे पाठ फिरवतं. कुंपण असेल तर ते तोडतं आणि आपण म्हणतो, बोकड माजला. एकट्या बोकडावर कुत्री तुटून पडली तर त्याला पळायलाही जागा नसते.

काही बोकड लहानपणापासून एकटे, माणसांच्या हातावर वाढतात. ईदसाठी घरात लाडाने वाढवलेले कित्येक असेच. पोरं त्यांच्या कपाळाला तळहात लावून ढुश्या खेळतात. तेव्हा गंमत वाटते, पण पन्नास-साठ किलोचा झाल्यावर तोच खेळ तो म्हाताऱ्या माणसाशी खेळतो. बोकडाने टक्कर कुणाशी घ्यायची हे त्याला दुसरा बोकड शिकवतो. माणसाने ते काम अंगावर घेऊ नये.

मग सोबत कुणाची द्यायची? माझं उत्तर ठाम आहे: खच्ची बोकडाची. वर लक्षात ठेवायला सांगितलेलं करडू ते हेच. खच्ची नराला वास नाही, शेळ्यांवरून भांडण नाही, स्वभाव मवाळ. चाराही दोघांचा सारखाच लागतो आणि हा मुद्दा मोठा आहे. नराची मूत्रनलिका अरुंद आणि वळणाची असते. दुभत्या शेळीचं धान्य-पेंडीचं आंबोण नराला सतत मिळालं तर त्यात फॉस्फरस जास्त होऊन मुतखडा होतो आणि लघवी अडकून जनावर दगावतं. खच्ची नराला हा धोका अधिक. दोघांना वेगळ्या वाड्यात कडबा, झाडपाला, भरपूर स्वच्छ पाणी आणि मोजकी पेंड द्या. पैदाशीच्या दिवसांत बोकडाचा खुराक वाढवायचा, तो मात्र त्याला एकट्यालाच.

खच्ची करणं पशुवैद्यकाकडून, बर्डिझो चिमट्याने करून घ्यावं. फार कोवळ्या वयात केलं तर मूत्रनलिका पुरेशी रुंदावत नाही, म्हणून तीन-चार महिन्यांपर्यंत थांबावं. त्यानंतरही महिनाभर तो शेळ्यांत जाता कामा नये, आधीचं वीर्य शिल्लक असतं. नव्या सोबत्याचं अंगमान बोकडाच्या निम्म्याच्या तरी पुढे हवं. शिंगाळ्याबरोबर बोडका ठेवू नये.

दोन पैदाशीचे बोकड एकत्र राहतात का? राहतात, लहानपणापासून बरोबर वाढलेले असतील तर बरे राहतात. पण एकाला महिनाभर शेळ्यांत नेऊन परत आणलं, की दोघांना पुन्हा पहिल्यापासून मानपान ठरवावा लागतो.

मेंढा मात्र सोबतीला देऊ नका. धनगरांच्या वाड्यात मेंढरांबरोबर चार शेळ्या असतात हे खरं, पण तो कळप दिवसभर माळावर चालतो. बंद वाड्यातली गोष्ट वेगळी. मेंढा दुरून धावत येऊन सरळ धडक देतो, बोकड मागच्या पायांवर उभा राहून वरून खाली येतो. बोकड उभा असतानाच मेंढ्याची धडक त्याच्या पोटात बसते. खनिज मिश्रणाचीही पंचाईत होते. शेळीला तांबं लागतं, मेंढीला थोडंसं जास्त झालं तरी ते विष ठरतं. वासरू किंवा कुत्रा शेजारी असला तर बोकडाचा वेळ जातो, पण ती जोडी नव्हे.

ओळख घाईने करून देऊ नये. बाहेरून आणलेलं जनावर तीन आठवडे वेगळं ठेवा, पीपीआरसारखा रोग घरात यायला नको. घरचंच असेल तर आठवडाभर जाळीच्या दोन बाजूंना ठेवा आणि मग मोकळ्या जागेत एकत्र सोडा. टकरी होतील, होऊ द्या. रक्त आलं किंवा एकजण दुसऱ्याला पाण्याजवळ येऊच देत नसेल तरच मध्ये पडा. गव्हाणी दोन, पाण्याची भांडी दोन आणि एकमेकांपासून लांब. प्रत्येक नराला छपराखाली २० ते २५ चौरस फूट आणि बाहेर त्याच्या दुप्पट जागा धरा. दोघांना शेजारी दाव्याने बांधू नका, दावी गुंततात आणि फास बसतो.

खर्चाचं काय, हा प्रश्न रास्त आहे. सोबत्याला चारा लागणारच. पण तो वाढतो, वजन धरतो आणि वर्ष-दीड वर्षाने त्याचे पैसे होतात. नियम एकच पाळा: जुना विकण्याआधी पुढचं करडू वाड्यात आलेलं असावं, दोघांची ओळख झालेली असावी. पाच-सात शेळ्यांच्या घराला मात्र स्वतःचा बोकडच परवडत नाही. एक नर २०-२५ शेळ्यांना पुरतो. अशांनी वाडीत चौघांत मिळून एक जोडी ठेवावी.

या हंगामातली नर करडं व्यापाऱ्याला दाखवण्याआधी त्यांतलं एक शांत, शिंगाळं, निरोगी करडू बाजूला काढा. पुढच्या आठवड्यात मुतखड्याविषयी.