वाकड्या नळीचा कौल

मे 1739. चिमाजी अप्पांच्या फौजेने वसईचा किल्ला सर केला. त्या वेढ्यात दोन्ही बाजूंनी बंदुका अखंड कडाडल्या. तट मात्र फुटला तो सुरुंगांनी. दूरच्या माणसावर धरलेला नेम लागेलच, अशी खात्री मराठ्यांना नव्हती आणि पोर्तुगीजांनाही नव्हती. गुळगुळीत नळीतून सुटलेली गोळी लांबवर गेली की भरकटे. ती का भरकटते, हे कुणालाच उमगले नव्हते.

त्याच काळात इंग्लंडमध्ये बेंजामिन रॉबिन्स या कोड्याशी झुंजत होता. 1707 साली बाथमध्ये, युद्धाला पाप मानणाऱ्या क्वेकर पंथाच्या गरीब घरात तो जन्मला आणि बव्हंशी स्वतःच्याच बळावर गणिती झाला. वुलिचच्या नव्या लष्करी अकादमीतील प्राध्यापकपद 1741 मध्ये त्याला हुलकावणी देऊन गेले. त्याने हाय खाल्ली नाही. दुसऱ्याच वर्षी तोफविद्येवरचा आपला ग्रंथ जगापुढे ठेवला.

त्या ग्रंथात एक साधे यंत्र होते: टांगलेला जड लंबक. गोळी त्यात घुसली की तो मागे झुले, आणि त्या झोक्यावरून रॉबिन्स गोळीचा वेग काढी. वेग निघाला सेकंदाला सुमारे 1,700 फूट. हवा जमेस न धरणाऱ्या जुन्या गणिताने अशी गोळी 17 मैल जायला हवी होती. प्रत्यक्षात ती मैलभरही जात नसे. हवेचा विरोध गोळीच्या वजनाच्या तब्बल 120 पट भरला!

अंतराचे कोडे सुटले, दिशेचे मात्र सुटेना. बंदूक ठोकळ्यात घट्ट आवळली, तरी दूरवर गोळी कधी उजवीकडे, तर कधी डावीकडे जाई. रॉबिन्सला संशय आला तो गिरकीचा. गोळी नळीच्या एका बाजूला घासत बाहेर पडते, त्या घर्षणाने फिरू लागते आणि फिरणाऱ्या गोळीला हवा बाजूला ढकलते. हे सिद्ध कसे करायचे?

त्याने चांगल्या बंदुकीची नळी तोंडाजवळ मुद्दाम डावीकडे वाकवली. आता गोळी उजव्या बाजूला घासणार हे ठरलेलेच. पुढे पातळ कागदाचे पडदे, त्यांच्यामागे भिंत. बार उडाला. पहिल्या पडद्यावरचे भोक डावीकडे, दुसऱ्यावरचेही डावीकडे. आणि भिंतीवर? गोळी सरळ नेमाची रेषा ओलांडून उजवीकडे आदळली होती! विज्ञानाच्या इतिहासात याहून धीट प्रयोग मला आठवत नाही. नेमाचे रहस्य शोधण्यासाठी या माणसाने नेमच बिघडवला.

रोगातच औषध सापडले. गिरकी टाळता येत नसेल, तर तिला शिस्त लावायची. जर्मन शिकारी आतून मळसूत्री आटे पाडलेल्या रायफली पिढ्यान्‌पिढ्या वापरत होते. त्या अचूक का, हे रॉबिन्सने सांगितले. आट्यांमुळे गोळी आपल्या प्रवासाच्या रेषेभोवतीच फिरते, म्हणून तिला बाजूला ढकलणारा जोर उरत नाही. ऑयलरसारख्या थोर गणितज्ञालाही हे गिरकीचे कारण पटले नाही. रॉबिन्स डगमगला नाही. जे राष्ट्र रायफल पुरती आत्मसात करील ते रणांगणावर वरचढ ठरेल, असे त्याने 1747 मध्ये बजावले. सैन्यांनी ते मनावर घ्यायला शंभर वर्षे लावली.

ते पाहणे त्याच्या नशिबी नव्हते. ईस्ट इंडिया कंपनीचा मुख्य अभियंता म्हणून तो भारतात आला आणि कडलूरजवळच्या सेंट डेव्हिड किल्ल्यात 29 जुलै 1751 रोजी तापाने वारला.

आज महाराष्ट्राचे नेमबाज हाती धरतात त्या रायफलीच्या नळीत हेच आटे असतात. त्याच जोरावर कोल्हापूर जिल्ह्यातील कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने 1 ऑगस्ट 2024 रोजी पॅरिस ऑलिंपिकमध्ये 50 मीटर रायफल थ्री पोझिशन्स प्रकारात 451.4 गुणांसह कांस्यपदक पटकावले.