मुठीतला उन्हाळा

मे महिन्यात संभाजीनगरचा पारा चाळिशी ओलांडतो आणि घरातल्या करवतीची मूठ डुगडुगायला लागते. आपण दोष देतो स्क्रूला. तो बिचारा होता तिथंच असतो. आकसलेलं असतं लाकूड.

झाड तोडून कैक वर्षं झाली तरी लाकडाचं हवेशी देणंघेणं थांबत नाही. कडब्याच्या पेंढीसारखी ती सूक्ष्म नळ्यांची जुडी. पावसाळ्यात नळ्यांच्या भिंती ओलावा पिऊन फुगतात, उन्हाळ्यात आकसतात. नवल म्हणजे हे सगळं घडतं आडवं. लांबीत लाकूड जवळजवळ हलतच नाही. आणि मुठीचे स्क्रू नेमके आडवे गेलेले!

मूठ साधारण 25 मिलिमीटर जाड धरा. ऑगस्टपासून मेपर्यंत हवा कोरडी होत जाते तशी ती, लाकडाच्या जातीप्रमाणे, पाव ते अर्धा मिलिमीटर बारीक होऊ शकते. तेवढ्याच लांबीचा स्क्रू वीस अंशांच्या फरकाने मिलिमीटरच्या शंभराव्या हिश्श्याइतकाही बदलत नाही. पात्याला मुठीत धरून ठेवते ती मुख्यतः दोन्ही बाजूंच्या लाकडाची पकड. अर्धा मिलिमीटर गेला की तीच सुटते.

वेरूळच्या दहाव्या लेण्याला लोक ‘सुतार की झोपडी’ म्हणतात. छताकडे पाहिलं की नाव पटतं: लाकडी वाशांसारख्या कमानी, सगळ्या कातळात कोरलेल्या. छत मुळात अखंड दगडाचं, त्यांना पेलायला काहीच नाही! त्याच्या कितीतरी आधीच्या कार्ल्याच्या चैत्यगृहात मात्र खऱ्या लाकडाच्या कमानी आजही आहेत. वेरूळच्या कलावंतांनी सुतारकामाचं रूप दगडात हुबेहूब उतरवलं, पण त्या वाशांना ऋतू कळत नाही. आपल्या मुठीला कळतो.

म्हणून दुरुस्ती करताना ताकद आवरायची. उन्हाळ्यात जीव खाऊन आवळलेल्या स्क्रूखाली पावसाळ्यात फुगणाऱ्या लाकडाला जागाच उरत नाही, त्याचे तंतू चेपतात, आणि पुढच्या उन्हाळ्यात मूठ आणखी सैल. कुऱ्हाडीचा दांडा घट्ट व्हावा म्हणून पाण्यात बुडवून ठेवतात, त्याचंही हेच होतं: चार दिवस घट्ट, मग पहिल्यापेक्षा ढिला.

जुन्या करवतींच्या पितळी नटाला दोन बाजूंनी खाचा असतात, मधे स्क्रूचं टोक. साधा स्क्रूड्रायव्हर तिथं घसरतो. एखाद्या जुन्या चपट्या स्क्रूड्रायव्हरचं टोक मधोमध कानशीने घासून दुशिंगी केलं की काम होतं. भोकच मोठं झालं असेल तर त्यात फेव्हिकॉल लावून लाकडी खुंटी ठोका, पुरती वाळू द्या, मग पातं जागेवर धरून खूण करा आणि नवं भोक पाडा. स्क्रू पातं हलायचं थांबेपर्यंत फिरवा, वर फार तर पाव फेरा. बाकीचं आवळणं जूनचा पाऊस करतो.