नकाशावरील रेघ आणि विमानाचा मार्ग

भिंतीवरील जगाच्या नकाशावर मुंबई व न्यूयॉर्क यांच्यामध्ये पट्टी ठेवून रेघ ओढण्यास सांगितले, तर ती अरबस्तान, उत्तर आफ्रिका आणि अटलांटिक महासागर यांवरून जाते. विद्यार्थी त्या रेघेलाच विमानाचा जवळचा मार्ग समजतात. गोल पृथ्वी सपाट कागदावर पसरल्याने हा भ्रम होतो. त्यात विद्यार्थ्यांचा दोष नाही.

शिक्षकांनी पृथ्वीच्या गोलावर या दोन शहरांमध्ये दोरा ताणून धरावा. दोरा मुंबईहून बराचसा उत्तरेकडे वळतो आणि रशिया, नॉर्वे, आइसलँड यांवरून न्यूयॉर्कला उतरतो. या मार्गाचे अंतर सुमारे 12,500 किलोमीटर भरते. नकाशावरील सरळ रेघेने गेल्यास ते सुमारे 14,200 होते. ताशी 900 किलोमीटर वेगाच्या विमानाचे त्यात जवळजवळ दोन तास वाचतात. प्रत्यक्ष मार्ग वारे आणि देशोदेशींचे हवाई निर्बंध पाहून थोडाफार बदलतो. 1960 मध्ये एअर इंडियाची न्यूयॉर्क सेवा सुरू झाली, तेव्हा विमान लंडनला थांबून पुढे जात असे.

वेळेचे गणित याहून फसवे आहे. समजा, हिवाळ्यात एक विमान मुंबईहून रात्री 1 वाजता निघाले व न्यूयॉर्कला तेथील घड्याळाप्रमाणे सकाळी 6.30 वाजता उतरले. वजाबाकी केल्यास प्रवास साडेपाच तासांचा ठरतो! मग वेग ताशी सव्वादोन हजार किलोमीटरांहून अधिक येतो. न्यूयॉर्कचे घड्याळ हिवाळ्यात आपल्यापेक्षा साडेदहा तास (उन्हाळ्यात साडेनऊ तास) मागे असते. ते मिळविले म्हणजे खरे 16 तास हाती येतात.

घड्याळे अशी मागेपुढे का, हे शाळेच्या अंगणातही दाखविता येते. पृथ्वी 4 मिनिटांत एक अंश फिरते. भारताची प्रमाणवेळ साडेब्याऐंशी पूर्व रेखांशाची. परभणी त्याच्या पश्चिमेस सुमारे पावणेसहा अंश. यास्तव उभ्या काठीची सर्वांत आखूड सावली येथे घड्याळात 12 वाजता पडत नाही. सरासरीने 12 वाजून 23 मिनिटांनी पडते. ऋतुमानाप्रमाणे ही वेळ काही मिनिटे पुढेमागे होते, म्हणून निरीक्षण वर्षातून अनेकदा करावे.

परतीचे उदाहरणही अवश्य द्यावे. न्यूयॉर्कहून सकाळी 11.30 वाजता निघालेले विमान 14 तासांत मुंबईस आले, तर येथे दुसऱ्या दिवशीची दुपारचे 12 ही वेळ असते. वजाबाकी साडेचोवीस तास दाखविते. साडेपाच आणि साडेचोवीस यांची सरासरी 15. घड्याळांतील फरक एकदा उणा व एकदा अधिक झाल्याने नाहीसा होतो. मात्र जाताना 16 आणि येताना 14 तास लागण्याचे कारण निराळे आहे : त्या उंचीवर वारे बहुधा पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतात.