फोटोग्राफी म्हणजे नेमके काय?

जॉन हर्शेल यांनी १४ मार्च १८३९ रोजी लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे मांडलेल्या निबंधात ‘फोटोग्राफी’ हा शब्द वापरला आणि पुढे तोच रूढ झाला. ब्राझीलमध्ये हर्क्युल फ्लोरेन्स यांच्या टिपणांत त्याचे फ्रेंच रूप १८३४ मध्येच आले होते. ग्रीक भाषेत ‘फोस’ म्हणजे प्रकाश आणि ‘ग्राफे’ म्हणजे लेखन वा रेखाटन. या व्युत्पत्तीत यंत्र कुठेच नाही. ॲना ॲटकिन्स यांनी १८४३ पासून प्रसिद्ध केलेल्या सागरी शेवाळांच्या प्रतिमा कॅमेऱ्याविना, संस्कारित कागदावर ऊन पाडून मिळवल्या होत्या. तीही फोटोग्राफीच. तेव्हा कसोटी प्रकाशाची आहे, कॅमेऱ्याची नव्हे.

यावर आक्षेप असा, की अर्थ व्युत्पत्तीने नव्हे, वापराने ठरतो. तो रास्त आहे, पण वापराचा कौलही वेगळा नाही. फिल्म आणि रसायने मागे पडली तरी शब्द टिकला, कारण डिजिटल सेन्सरही प्रकाशच नोंदवतो. फोटोवर नंतर संगणकीय संस्कार झाले, तरी मुळात ती नोंद असतेच. केवळ शब्दांच्या सूचनेवरून संगणकाने रचलेल्या चित्रामागे मात्र समोरच्या दृश्याच्या प्रकाशाची अशी नोंद नसते. ते कितीही हुबेहूब दिसले, तरी त्याला फोटोग्राफी म्हणणे चूक. शिवाय फोटोग्राफी हे क्रियेचे आणि कलेचे नाव आहे, हाती येणाऱ्या प्रतिमेचे नाही. म्हणून फोटोग्राफी ‘करावी’, फोटो ‘काढावा’.